पऱ्हाटीच्या गावात आफ्रिका आधी शिकवा

आम्ही बीएला जगाचा इतिहास शिकवतो त्यात आफ्रिका म्हणजे जहाजानं वळसा घालायची जागा आहे. वास्को द गामा तिला वळसा घालून इकडे येतो, मग चारशे वर्षं काहीच नाही, एकदम बर्लिन परिषद, १८८४-८५, युरोपवाले नकाशा पुढे घेऊन वाटण्या करतात आणि त्या बैठकीत आफ्रिकेचा एकही माणूस नसतो, मग गांधीजींना रेल्वेच्या डब्यातून उतरवतात, मग मंडेला, संपला विषय. गामाला पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदीच्या बंदरात वाटाड्या घ्यावा लागला होता, म्हणजे पुढचा रस्ता त्या समुद्रावरच्या लोकांना आधीपासून पाठ होता, एवढी साधी गोष्टही आपण सांगत नाही. मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, इतिहास शिकवतो, सात वर्षं झाली, आणि आता मला हे स्पष्ट म्हणावंसं वाटतं की आपल्या भागातल्या पोरांना जगाचा इतिहास शिकवायचा असेल तर सुरुवात आफ्रिकेपासून करा. फ्रेंच राज्यक्रांती नंतर आली तरी चालते.

असं मला का वाटायला लागलं ते सांगतो. नोव्हेंबरात आमचा वर्ग निम्मा रिकामा असतो, पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, वेचणी चालू असते. जी पोरं येतात त्यांच्या बोटांना बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी ओरखडे पडलेले असतात, पेन धरला की दिसतात, नखाच्या कडेला बारीक बारीक. दोन वर्षांमागे अशाच एका तासाला ठरलेला धडा बाजूला ठेवून मी टांगानिकाची गोष्ट सांगितली, म्हणजे आजचा टांझानिया, तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता. जर्मनीच्या सूतगिरण्यांना अमेरिकेच्या कापसावर अवलंबून राहायचं नव्हतं, म्हणून १९०२ पासून तिथल्या गव्हर्नरनं गावागावात सरकारी कपाशीचे प्लॉट पाडायला लावले, गावातल्या माणसांनी तिथं ठरलेले दिवस राबायचं, वरून देखरेखीला सरकारनं नेमलेला अधिकारी, अकिडा म्हणायचे त्याला, त्याच्या हातात चाबूक. स्वतःच्या वावरातलं धान्य निंदायला वेळ नाही आणि मजुरी इतकी क्षुल्लक की काही लोकांनी ती घ्यायलाच नकार दिला. मग जुलै १९०५ मध्ये मातुंबीच्या टेकड्यांमध्ये नांदेते नावाच्या गावात लोकांनी कपाशीची काही झाडं उपटली. बस एवढंच केलं, झाडं उपटली, आणि तिथून युद्ध सुरू झालं. किन्जिकितिले नावाचा एक माणूस लोकांना पाणी देत होता, त्यात एरंडीचं तेल आणि तिथलं धान्य मिसळलेलं, हे प्यालं की जर्मनांच्या गोळीचं पाणी होईल म्हणून. स्वाहिलीत पाण्याला माजी म्हणतात, त्यावरून त्या लढ्याचं नाव माजी-माजी. किन्जिकितिलेला ऑगस्टच्या सुरुवातीलाच फासावर दिलं पण लढा दोन वर्षं चालला, वीसच्या वर जमाती त्यात होत्या ज्या आधी एकमेकींशी भांडत होत्या. शेवटी जर्मनांनी बंदुकीपेक्षा भुकेनं जिंकलं, उभी पिकं जाळली, कणग्या जाळल्या, विहिरी बुजवल्या. जर्मनांचाच सरकारी आकडा ७५ हजार मेले असा होता, नंतरचे इतिहासकार अडीच ते तीन लाख सांगतात आणि त्यातले बहुतेक दुष्काळानं गेले. २०२३ च्या नोव्हेंबरात जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष सोंगेआ गावात गेले आणि माफी मागून आले, लढा संपल्यावर ११६ वर्षांनी.

एवढं सांगून मी थांबलो तर मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला, कधी बोलत नाही तो, म्हणे, "सर, मंग त्यायनं उपटलेली पऱ्हाटी जर्मनायनं परत लावाले लावली काय?" दुसरी एक पोरगी म्हणे की गोळीचं पाणी होते हे त्या लोकायनं खरंच मानलं होतं काय, का मनातून माहीत होतं की मरू पण सगळे सोबत राहू. आणि मग तिसरा प्रश्न आला, जो मी अजून डोक्यातून काढू शकलो नाही: "आपल्या इकडे कोणी काऊन नाही उपटली?"

सात वर्षांत फ्रेंच राज्यक्रांतीतल्या रोबेस्पिएरबद्दल मला एकाही पोरानं असा प्रश्न विचारला नाही. त्यांची चूक नाही, त्यांना तिथं विचारण्यासारखं काही सापडत नाही. पण पऱ्हाटी कोणाच्या सांगण्यावरून लावली, कोणासाठी लावली, तिचे पैसे कोणाच्या हातात गेले आणि घरात खायला काय उरलं, हे प्रश्न त्यांच्या घरात दरवर्षी दिवाळीच्या आसपास निघतातच. आफ्रिकेचा इतिहास त्यांच्याजवळ आधीपासून असलेल्या प्रश्नांना धरून उभा राहतो.

आता त्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलं की आपल्याला वऱ्हाडाचा इतिहास उघडावाच लागतो आणि तो तेव्हा वेगळाच दिसायला लागतो. १८५३ मध्ये इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड ताब्यात घेतला, कारण सांगितलं फौजेच्या थकबाकीचं, पण इथली काळी जमीन आणि कापूस त्यांना चांगला माहीत होता. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि आपल्या कापसाचे भाव आकाशाला भिडले. पाठोपाठ कॉटन कमिशनर नावाचं पद आलं, रिव्हेट-कार्नाक नावाचा साहेब त्या जागेवर होता, गावोगाव फिरून कापूस कसा वाढेल आणि लवकर कसा मुंबईला पोचेल हे बघणं त्याचं काम. १८७० मध्ये जलंब ते खामगाव असा रेल्वेचा छोटा फाटा खास कापसासाठी टाकला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला, एका बाजाराच्या गावासाठी व्हाइसरॉय, यावरून समजून घ्या. राली, व्होलकार्टसारख्या परदेशी कंपन्यांचे खरेदीदार खामगावात येऊन बसले. इथं चाबूक घेऊन कोणी वावरात उभं राहिलं नाही हे खरं आहे. शेतसारा रोखीत भरायचा होता, रोख पैसा कापसातूनच मिळत होता, हंगामाआधी सावकाराकडून उचल घ्यायची आणि बोंड फुटायच्या आत तो कापूस त्याचा झालेला असायचा. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात माणसं मेली तेव्हाही इथून कापसाच्या गाठी जातच होत्या. मग आपल्याकडे कोणी काऊन नाही उपटली? मला वाटतं कारण उपटायचं कोणाविरुद्ध हेच दिसत नव्हतं. टांगानिकात जुलूम समोर उभा होता, त्याला चेहरा होता. इथं तो भावात होता, व्याजात होता. हे मला वऱ्हाडावरची पुस्तकं वाचून सुचलं नाही, नांदेतेची गोष्ट शेजारी ठेवली तेव्हा सुचलं. आफ्रिका शिकायची ती त्यांच्यावर दया करायला नाही, आपलं आपल्याला दिसावं म्हणूनही शिकायची.

पण फक्त आरसा म्हणून वापरली तर तेही चुकीचं आहे, कारण मग आपण तिथल्या गोष्टीत आपल्या सोयीचं तेवढंच घेऊ. युगांडाचं उदाहरण घ्या. १९०२ मध्ये मँचेस्टरला ब्रिटिश कॉटन ग्रोइंग असोसिएशन निघाली, साम्राज्यातच कापूस पिकवायचा म्हणून, आणि लगेच युगांडात कपाशीचं बियाणं गेलं. वीसतीस वर्षांत तिथला शेतकरी कापसावर उभा राहिला. पण जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचं काम, कोणाच्या हातात होती? बहुतेक आपल्या लोकांच्या, हिंदुस्थानातून गेलेल्या व्यापाऱ्यांच्या. शेतकऱ्याला स्वतःचा कापूस स्वतः रेचायची, स्वतः विकायची मुभा नव्हती, भाव सरकार ठरवणार आणि रुई-सरकीचा हिशेब जिनवाल्याच्या वहीत. १९४९ मध्ये युगांडातल्याच बुगांडा भागात दंगे झाले, इग्नेशियस मुसाझींची शेतकरी संघटना होती, त्यांची मागणी काय तर आमचा कापूस आम्हालाच जिनू द्या, आम्हालाच विकू द्या. पुढे १९५० च्या दशकात सहकारी संस्थांना जिनिंग मिळायला लागली. आणि १९७२ ला तिथला हुकूमशहा इदी अमीन यानं सगळ्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देशाबाहेर काढलं. आपल्याकडे ही गोष्ट फक्त शेवटच्या वाक्यापासून सांगितली जाते, आपल्या लोकांवर अन्याय झाला म्हणून. झालाच, तिथंच जन्मलेल्या माणसांना दोन बॅगा घेऊन हाकललं, त्याला दुसरा शब्द नाही. पण ज्या पोरानं जिनिंगच्या फाटकावर बापासोबत ट्रॅक्टरच्या रांगेत रात्र काढली आहे, ओलाव्याच्या नावानं क्विंटलमागे कट लागताना पाहिलं आहे, त्याला १९४९ चा युगांडाचा शेतकरी काय म्हणत होता ते समजावून सांगावं लागत नाही, आणि या वेळी वजनकाट्याच्या पलीकडे बसलेला माणूस आपला होता हेही त्याला कळायला पाहिजे. वर्गात हे सांगितलं तेव्हा बराच वेळ कोणी बोललं नाही. इतिहासाच्या तासात तेवढी शांतता मी फार कमी वेळा पाहिली आहे.

आमच्याच एका सहकाऱ्यांनी स्टाफरूममध्ये मला म्हटलं होतं, "कायले एवढी आफ्रिका लावून धरली तुम्ही? पोट्ट्यायले एमपीएससीत याच्यावर किती मार्काचं येते?" माणूस चांगला आहे, पोरांची काळजी आहे म्हणूनच विचारतात, आणि प्रश्न खोटा नाही. आमच्याकडे बीए करणाऱ्या शंभरातले नव्वद पोरं भरतीची तयारी करत असतात, सकाळी पाचला ग्राउंड, मग अभ्यासिका. पण मी त्यांना विचारलं की फ्रेंच राज्यक्रांतीवर तरी किती मार्काचं येते? आणि आलं तरी पोरं ते गाइडमधून पाठ करतात, त्यासाठी माझी गरज नाही. माझी गरज असेल तर एवढ्यासाठी की कुठल्याही गोष्टीत हे कोणी लिहिलं, कोणाच्या बाजूनं लिहिलं, दुसरी बाजू कुठं शोधायची हे पोरांना सुचावं. ती सवय आफ्रिकेच्या इतिहासात जितकी लागते तितकी दुसऱ्या कशात लागत नाही, कारण तो इतिहासच मुळात भांडून मिळवलेला आहे.

१९६३ मध्ये ऑक्सफर्डचा मोठा इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर जाहीरपणे म्हणाला होता की आफ्रिकेला शिकवण्यासारखा इतिहासच नाही, आहे तो आफ्रिकेतल्या युरोपियनांचा इतिहास आणि बाकी अंधार. दुसऱ्याच वर्षी, १९६४ ला, युनेस्कोनं आफ्रिकेचा इतिहास आफ्रिकी इतिहासकारांच्या पुढाकारानं लिहायचं ठरवलं आणि त्याचे आठ खंड निघाले. कागद कमी होते तिथं काय केलं? माणसांना विचारलं. यान वान्सिना नावाचा इतिहासकार कांगोत कुबा लोकांमध्ये राहिला, त्यांच्या वंशावळी आणि कथा ऐकल्या आणि तोंडी परंपरा पुरावा म्हणून कशी तपासायची याची पद्धतच बसवली, की एकच कथा चार घरांतून घ्या, कुठं जुळते कुठं फाटते बघा, सांगणाऱ्याचा त्यात काय फायदा आहे तेही बघा. माली, सेनेगलकडे ग्रियो असतात, पिढ्यान् पिढ्या राजघराण्यांच्या कथा गाऊन सांभाळणारे, सुंदियाता राजाची गोष्ट सातेकशे वर्षं अशीच टिकली.

हे शिकवताना एका पोरीनं हात वर केला, केळापूरकडच्या कोलामांच्या शेजारच्या गावची आहे, परधान घरातली. म्हणे सर, असं तं माझा आजा करत होता. परधान हे गोंडांचे भाटच, बाना वाजवून गोंड राजांच्या, देवांच्या, घराण्यांच्या कथा गाणारे, हे मला पुस्तकातून माहीत होतं पण माझ्याच वर्गात तो वारसा बसला आहे हे तिनं सांगेपर्यंत मला माहीत नव्हतं. पुढच्या आठवड्यात ती बाना घेऊन आली. तारा नव्हत्या, चामडं एका बाजूनं फाटलेलं, माळ्यावर पडून होता, धूळ पुसूनही फटींमध्ये राहिलेली. गज हरवलेला. आजोबा गेले तेव्हा ती दहावीत होती, कोणी काही लिहून घेतलं नाही, मोबाईल घरात होता तरी रेकॉर्ड करायचं कोणाला सुचलं नाही. चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, गोंड राजांवर आमच्या अभ्यासक्रमात जेमतेम परिच्छेद आहे. मला सांगा, कांगोच्या आणि मालीच्या इतिहासकारांनी काय केलं हे या पोरीला आधी, म्हणजे अकरावी-बारावीतच कोणी शिकवलं असतं तर? तिनं आता आईकडून आणि गावातल्या दोन म्हाताऱ्यांकडून उरलेलं गोळा करायला घेतलं आहे, वहीत, तारखा टाकून, कोणी सांगितलं ते लिहून. हा माझ्या दृष्टीनं आफ्रिकेच्या इतिहासाचा उपयोग आहे.

दगडांचंही असंच आहे. झिम्बाब्वेमध्ये चुन्याशिवाय रचलेल्या प्रचंड दगडी भिंती आहेत, अकराव्या ते पंधराव्या शतकातल्या, शोना लोकांच्या पूर्वजांनी बांधलेल्या, तिथल्या मातीत हिंदुस्थानातले काचेचे मणीही सापडतात. गोऱ्या वसाहतवाल्यांनी ठरवलं की हे काळ्या माणसाचं काम असूच शकत नाही, फिनिशियन लोकांनी बांधलं असेल, शेबाच्या राणीचं असेल. १९०५ मध्ये रँडल-मॅकआयव्हर आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन या बाईनं खोदून दाखवलं की आफ्रिकन लोकांचंच आहे, तरी सरकार मानायला तयार नव्हतं, पीटर गार्लेक या पुरातत्त्वज्ञाला तर १९७० ला देश सोडावा लागला. आता आपल्याकडे या. नागपूरजवळ जुनापाणीला महापाषाण काळातली दगडी वर्तुळं आहेत. १८६० च्या दशकात ती कोणी खोदली? त्याच रिव्हेट-कार्नाकनं, कॉटन कमिशनरनं. आणि तो त्या दगडांवरच्या खुणांचं साम्य युरोपातल्या थडग्यांशी लावत बसला होता. एकच साहेब आपल्या कापसाचाही हिशेब ठेवत होता आणि आपल्या पूर्वजांचाही. या दोन गोष्टी जोडून दाखवल्या की पोरं जुनापाणीला जायचं म्हणतात, आधी कोणी म्हटलं नव्हतं.

एक गोष्ट लिहायला जड जाते पण लिहितो. आमच्याकडे रंगानं काळी पोरगी असली की तिला आफ्रिकावाली म्हणतात. मस्करीत म्हणतात, रोज म्हणतात, शिकवणारेही हसतात, मीही एकदा काहीच बोललो नाही आणि ती पोरगी पुढचे आठ दिवस कॉलेजात आली नाही. आफ्रिका हा शब्द आपल्या पोरांच्या तोंडी शिवी म्हणून आधी येतो आणि देश म्हणून नंतर, तोही एकच देश असल्यासारखा, ५४ देश आहेत हे बीए झालेल्यालाही माहीत नसतं. ज्या मलिक अंबरनं दख्खनच्या जमिनीची मोजणी आणि साऱ्याची पद्धत बसवली, मोगलांना हयातभर अडवून धरलं, तो इथिओपियात जन्मलेला आणि गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस होता हे आपण धड्यात वाचतो आणि विसरतो. ज्या ज्वारीची भाकर आपल्या आज्यांनी आयुष्यभर थापली ती ज्वारी सुदानच्या पूर्व भागातली, चारेक हजार वर्षांपूर्वी इकडे आली, बाजरी पश्चिम आफ्रिकेची. आता रानडुकरांच्या भीतीनं ज्वारी पेरतेच कोण, पण हुरडा खाताना तरी हे माहीत असावं. स्वाहिलीतले शब्द मी फळ्यावर लिहितो: दुनिया, तयारी, हेसाबू, वकीली, गारी, चपाती, बीमा. पोरं भराभर अर्थ सांगतात, फक्त तयारी म्हणजे तिकडे तयार, वकीली म्हणजे वकील असे बारीक फरक आहेत, हसतात, आणि कापसाला पांबा म्हणतात हे मात्र नवीन असतं, ते वहीत उतरवून घेतात. त्या तासानंतर ती शिवी माझ्या वर्गात तरी कमी झाली. पूर्ण गेली असं म्हणणार नाही.

याचा अर्थ आफ्रिकेचं सगळं सोनं म्हणून शिकवा असं मी म्हणत नाही. साधारण सव्वा कोटी माणसं अटलांटिकच्या जहाजांवर चढवली गेली आणि त्यांना पकडून किनाऱ्यापर्यंत आणून विकणाऱ्यांमध्ये आफ्रिकन राजेही होते. स्वातंत्र्यानंतरच्या बऱ्याच सरकारांनी शेतकऱ्यांकडून पीक स्वस्तात घेऊन शहरं पोसली, इंग्रजांनी बसवलेली मार्केटिंग बोर्डंच पुढे चालवली, आपल्याकडे कापसाच्या एकाधिकार खरेदीवर, म्हणजे सगळा कापूस सरकारलाच विकायच्या सक्तीवर, झालेल्या भांडणांची आठवण असणाऱ्यांनी ते नक्की वाचावं. बुर्किना फासोनं २००८ ला बीटी कापूस घेतला आणि धागा आखूड निघतो म्हणून २०१६ पर्यंत सोडूनही दिला, तो निर्णय त्यांना कसा जमला आणि आपल्याला बोंडअळी बीटीला जुमानत नसतानाही दुसरी वाट का सापडली नाही यावर तर एक पूर्ण तास होतो. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब देशांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत उभं राहून अमेरिकेच्या कापूस सबसिडीनं आमचा भाव पडतो असं सांगितलं, तो भाव आपलाही होता. वर्तमानपत्रात कापसाच्या आयातीची बातमी वाचून आपली पोरं चिडतात, चिडायलाच पाहिजे, पण तिकडून येणाऱ्या गाठीमागे मालीतला आपल्यासारखाच कोरडवाहू शेतकरी आहे, त्यालाही पावसानं आणि भावानं मारलंय, हे न शिकवता फक्त चीड शिकवणं मला पटत नाही.

माझी मागणी काही मोठी नाही. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळानं पहिल्याच सेमिस्टरमध्ये आफ्रिकेला एक पूर्ण युनिट द्यावं आणि ते बर्लिन परिषदेपासून नको, ज्वारी, किल्वा (पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं जुनं व्यापारी बंदर), माली, झिम्बाब्वे इथून सुरू व्हावं, वसाहत त्यानंतर यावी. मराठीत वाचायला साहित्य फार कमी आहे ही खरी अडचण आहे, इंग्रजी पुस्तकं आमच्या लायब्ररीत नाहीत आणि असली तरी पोरं वाचू शकत नाहीत, तर मराठीत चांगली ६०-७० पानं तयार करणं हे दहा प्राध्यापकांनी मिळून एका उन्हाळ्यात होण्यासारखं काम आहे. मी माझ्यापुरत्या नोट्स लिहिल्या आहेत, १४ पानं झाली, माजी-माजी, युगांडाची जिनिंग आणि ग्रियो-परधान एवढं त्यात आहे, अँगोलाचं अजून लिहायचं आहे, तिथं कासांजेच्या खोऱ्यात जानेवारी १९६१ ला सक्तीच्या कापसाविरुद्ध शेतकरी उठले आणि पोर्तुगिजांनी गावांवर विमानातून बॉम्ब टाकले. फरदड, म्हणजे वेचणीनंतरही वावरात उभी ठेवलेली कपाशी, उपटून झाली की पोरं पूर्ण वर्गात यायला लागतात, साधारण फेब्रुवारीत, तोपर्यंत ते लिहून व्हायला पाहिजे.